नळी काढल्यानंतरचा दम



या सदरात एरवी आपण बियाणे, खते, बोंडअळी आणि बाजारभाव यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तो सुरू होतो आपल्या पऱ्हाटीच्या शेतातूनच. मी डॉक्टर नाही, शेतकी शाळेत शिकलेला माणूस आहे. पुढे जे लिहितो ते डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन लिहितो. निदान आणि उपचार त्यांनीच करायचे. आपण वेळेवर त्यांच्यापर्यंत पोचावे आणि पोचल्यावर नेमकी गोष्ट सांगावी, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या समुद्रपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याची ही हकीगत आहे. नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आतले, पाच एकर रान, कापूस आणि तूर. एका भाद्रपदात पऱ्हाटी छातीच्या वर गेली होती. उकाडा होता, वारा पडला होता. या गड्याने तोंडाला काही न बांधता दिवसभर फवारणी केली. संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले. घरच्यांनी दवाखान्यात नेले. उतारा मिळाला, पण दुसऱ्या दिवशी श्वासाचे स्नायूच ढिले पडले. घशातून श्वासनळीत नळी घातली आणि कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवले. चौदा दिवस तो त्या यंत्रावर होता. वाचला. दसऱ्यानंतर घरी आला तेव्हा गावाने त्याला ओवाळले.

दिवाळीत कापूस वेचायला लागला तेव्हा गाठोडे उचलले की दम लागे. लोक म्हणाले, अशक्तपणा आहे. मार्गशीर्षात घरापासून विहिरीपर्यंत चालवेना. लोक म्हणाले, दमा झाला. कोणीतरी दम्याचा तोंडात मारायचा पंप आणून दिला. त्याच सुमारास मी त्या गावी तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या शेतीशाळेसाठी गेलो होतो. हा मागे भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको मला म्हणाली, "साहेब, यायले दमा धरला जी. पंप मारते, पन काही फरक नाही."

मी काय म्हणालो? "थंडीचे दिवस आहेत वहिनी, औषधाचा अंश छातीत राहिला असेल. होईल हळूहळू कमी." ते वाक्य मला आजही टोचते. फवारणीच्या विषबाधेवर मी गावोगाव व्याख्याने देतो, पण बरा होऊन आलेल्या माणसाला पुढे काय होऊ शकते याची मला कल्पना नव्हती.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी रात्री त्याला आडवे होता येईना. बसून, मान पुढे काढून तो श्वास ओढत होता. ग्रामीण रुग्णालयात नेले तेव्हा ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. बायकोने त्यांना सांगितले, "डॉक्टरसाहेब, आवाज छातीतून नाही येत, नरड्यातून येते." डॉक्टरांनी तपासणीची नळी छातीवरून उचलून गळ्यावर ठेवली आणि विचारले, "यांच्या गळ्यात नळी घातली होती का? किती दिवस?" एवढ्या प्रश्नावर सगळे चित्र बदलले. ऑक्सिजन लावून, औषधाची वाफ देऊन, रुग्णवाहिकेतून त्याला रातोरात मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे दुर्बिणीने पाहिले तर श्वासनळी एका जागी आवळली जाऊन पाच मिलिमीटर उरली होती.

श्वासनळी का आवळते

आपली श्वासनळी दहा ते बारा सेंटिमीटर लांब असते आणि मोठ्या माणसात तिची रुंदी साधारण आपल्या ठिबकच्या 16 मिलिमीटरच्या नळीएवढी असते. बाईमाणसात थोडी कमी. मोटारीच्या सक्शन पाइपात कडी असते म्हणून तो ओढीने चिपत नाही. तशाच कूर्चेच्या सोळा ते वीस कड्या श्वासनळीला असतात. त्या घोड्याच्या नालेसारख्या मागून उघड्या असतात.

माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही तेव्हा या नळीत दुसरी नळी घालावी लागते. आत घातलेल्या नळीच्या बाजूने हवा परत निसटू नये आणि तोंडातली लाळ फुप्फुसात उतरू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाजवळ एक लहान फुगा असतो. तो फुगवून नळी घट्ट बसवतात. खरी मेख इथे आहे. फुग्याचा दाब जास्त झाला तर श्वासनळीच्या आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. संत्र्याच्या कलमाला बांधलेली पट्टी वेळेवर सोडली नाही तर खोडाला काच पडतो, हे आपण पाहिले आहे. तसाच काच इथे आतून पडतो. जखम होते, नळी काढल्यावर ती भरून येते, आणि भरताना वण आकसतो. आकसत आकसत वाट अरुंद होते. याला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. म्हणूनच माणूस दवाखान्यातून चांगला घरी येतो आणि दम नंतर लागतो. कधी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवतात, त्या छिद्राच्या जागीही असा वण होऊ शकतो.

यात नळीला दोष देऊ नका. 1952 साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली आणि वैद्यकीय शाळेचे विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिले. त्यातून आजचे अतिदक्षता विभाग उभे राहिले. त्या नळीने जगभर लाखो माणसे वाचवली. मात्र पुढच्या काळात डॉक्टरांच्या लक्षात आले की फुग्याच्या दाबाने काहींच्या श्वासनळीला इजा होते. तेव्हा मऊ, मोठ्या आकाराचे, कमी दाबाचे फुगे आले. आता हा दाब पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवावा असे सांगतात आणि तो मोजायला हातात मावणारे साधे उपकरण असते. मोठी यंत्रसामग्री नसलेल्या रुग्णालयातही हे उपकरण वापरता येते आणि पुढचा सगळा त्रास टळू शकतो. आपला माणूस यंत्रावर असेल तर, "फुग्याचा दाब मोजता का?" असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

अरुंद वाटेचे गणित

वाट अर्धी झाली तर त्रास दुप्पट व्हावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. ठिबकवाल्यांना हे लवकर पटेल. संथ वाहणाऱ्या प्रवाहाला नळीची रुंदी निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो. म्हणून बराच काळ काहीच कळत नाही आणि मग एकदम कठीण होते. डॉक्टरांचा ठोकताळा असा की वाट आठ मिलिमीटरच्या आसपास आली की कामात दम लागतो, आणि पाच मिलिमीटरवर आली की बसल्या जागी लागतो. पाच मिलिमीटर म्हणजे थंड पेयाच्या बाटलीत घालतो त्या नळीएवढी वाट. तेवढ्यातून दिवसभर श्वास घेऊन पाहा. त्यात कफाचा एक लहान गोळा अडकला तरी जीव जाऊ शकतो.

दमा की अरुंद नळी

दोन्हींत दम लागतो आणि आवाज येतो. पण फरक आहे, आणि तो घरच्या माणसाला आधी कळू शकतो.

दम्याचा सूं-सूं आवाज छातीतून येतो आणि बहुधा श्वास सोडताना जास्त असतो. दमा कमीजास्त होतो, चार दिवस चांगले जातात, पंपाने उतार पडतो. श्वासनळी गळ्याजवळ आवळली असेल तर आवाज गळ्यातून येतो, शीळ घातल्यासारखा, आणि श्वास आत घेताना जास्त. पंपाने फरक पडत नाही. चांगले दिवस येत नाहीत, दर आठवड्याला थोडे जास्तच होते. कफ सुटत नाही, खोकला घोगरा येतो.

फक्त आवाजावरून मात्र कोणी ठाम ठरवू नये. नळी छातीच्या आत खाली आवळली असेल तर आवाज वेगळा येतो. खात्री सीटी स्कॅनने आणि दुर्बिणीने होते. आपले काम एवढेच की डॉक्टरांना सांगायचे: अमुक महिन्यात हा माणूस इतके दिवस यंत्रावर होता. हे सांगितले नाही तर चांगला डॉक्टरसुद्धा दम्याच्या वाटेने जाऊ शकतो, कारण दम्याचे रुग्ण त्याला रोज दिसतात आणि हा एखादाच.

असे रुग्ण फक्त फवारणीच्या विषबाधेचे नसतात. सर्पदंश, अपघातात डोक्याला मार, मोठी शस्त्रक्रिया, असे कोणतेही कारण असू शकते. करोनाच्या 2020 आणि 2021 या वर्षांत पुष्कळ लोक दीर्घकाळ यंत्रावर राहिले, त्यांच्यातही हा विकार दिसला. क्षयरोगाने श्वासनळीच्या फांद्या आकसतात. गळ्यातली मोठी गाठ बाहेरून नळी दाबते. विडी-तंबाखूच्या कर्करोगाने वाट आतून बुजते.

स्टेन्ट म्हणजे काय

स्टेन्ट म्हटले की आपल्याला हृदय आठवते. तसाच आधार श्वासनळीलाही देता येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स स्टेन्ट नावाचा दंतवैद्य होता. त्याने दातांचे साचे घेण्याचा मसाला सुधारला. त्याचे नाव पुढे शरीराच्या आत बसवायच्या आधारनळीला चिकटले.

श्वासनळीत दुर्बीण घालून उपचार करण्याची विद्या मात्र एका शेतकऱ्यापासून सुरू झाली, हे वाचून मला बरे वाटले. 1897 साली जर्मनीत गुस्ताव किलियान या डॉक्टरांनी एका वयस्क शेतकऱ्याच्या श्वासनळीच्या फांदीत अडकलेला हाडाचा तुकडा, छाती न कापता, तोंडातून सरळ नळी घालून काढला. त्याच विद्येवर आजचे हे काम उभे आहे. 1965 मध्ये अमेरिकेतील डॉ. माँटगोमेरी यांनी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची नळी काढली. तिचे दोन फाटे श्वासनळीत राहतात आणि तिसरा गळ्याच्या छिद्रातून बाहेर येतो. 1990 च्या सुमारास फ्रान्समधील डॉ. ड्यूमाँ यांनी सिलिकॉनचा स्टेन्ट रूढ केला. तो पूर्ण आत बसतो. जागेवरून घसरू नये म्हणून त्याला बाहेरून बारीक खुंट्या असतात.

दुसरा प्रकार धातूच्या जाळीचा. तो मिटलेल्या स्थितीत आत नेतात आणि जागेवर उघडतात. बसवायला सोपा, पण काही काळाने जाळीच्या आत मांस वाढते आणि मग तो काढणे फार अवघड जाते. त्यामुळे 2005 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, आजारात धातूचे स्टेन्ट शक्यतो वापरू नयेत. वणाने आवळलेल्या नळीला म्हणून बहुधा सिलिकॉनच निवडतात. कर्करोगाने वाट बुजली असेल तर धातूचाही वापर होतो. त्याने रोग जात नाही, पण गुदमरणे थांबते आणि पुढच्या उपचाराला वेळ मिळतो.

प्रत्येकालाच स्टेन्ट लागतो असेही नाही. आधी वाट फुग्याने किंवा सरळ नळीने रुंद करून पाहतात. आमच्या शेतकऱ्याचेही तसेच केले. महिन्याभरात नळी पुन्हा आवळली, तेव्हा सिलिकॉनचा स्टेन्ट बसवला. आवळलेला भाग लहान असेल आणि माणूस धडधाकट असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोके जोडण्याची शस्त्रक्रिया करतात, आणि ती जमली तर दुखणे मुळातून जाते. शस्त्रक्रिया शक्य नसते किंवा लगेच करता येत नाही, तिथे स्टेन्टचा आधार. तो वर्ष-दीड वर्ष ठेवून काढतात, काहींना जास्त काळही ठेवावा लागतो.

गावाजवळ काय होते, दूर काय होते

सिलिकॉनचा स्टेन्ट पूर्ण भूल देऊन, सरळ धातूच्या दुर्बिणीतून बसवतात. ज्या वाटेने श्वास चालतो त्याच वाटेत डॉक्टरांना काम करायचे असते. त्यामुळे सराव असलेला भूलतज्ज्ञ आणि छातीची शस्त्रक्रिया करणारे लोक हाताशी लागतात. आपल्या ग्रामीण रुग्णालयात हे होणार नाही आणि तिथल्या डॉक्टरांवर त्यासाठी रागावू नये.

पण ग्रामीण रुग्णालयाचे कामही लहान नाही. ओळखणे, ऑक्सिजन देणे, सूज उतरवणारी औषधे आणि वाफ देणे, आणि 108 च्या रुग्णवाहिकेतून नीट पाठवणे हे तिथेच होते. आपला जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. सावंगीलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जामच्या चौकातून निघालो की नागपूर सरळ रस्त्यावर. तिथे कान-नाक-घशाचे आणि छातीचे डॉक्टर असतात. स्टेन्ट कुठे बसवायचा हे तेच सांगतील. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा आणि हा उपचार योजनेत बसतो का ते विचारा. शिधापत्रिका व आधार कार्ड जवळ ठेवा.

स्टेन्ट बसवून घरी आल्यावर

खरी परीक्षा घरी असते. श्वासनळीच्या अस्तरावर बारीक केस असतात, ते कफ वर ढकलत राहतात. स्टेन्टच्या आत ते नसतात, म्हणून कफ तिथे साचतो आणि वाळतो. तेव्हा:

1. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मिठाच्या निर्जंतुक पाण्याची वाफ यंत्रातून रोज घ्यावी. बरे वाटते म्हणून सोडू नये. यंत्र धुऊन वाळवावे.

2. विडी-सिगारेट बंद. चुलीच्या धुरात आणि मळणी यंत्रासमोर बसू नये. तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार फार वाईट. फवारणी तर करूच नये आणि शेजारच्या वावरात चालू असली तरी लांब राहावे.

3. गळ्याला 'टी' नळी असेल तर तिचे बाहेरचे तोंड बुचाने बंद ठेवतात, म्हणजे बोलता येते आणि हवा नाकातून जाते. ती साफ कशी करायची हे घरातल्या दोघांनी रुग्णालयातच शिकून घ्यावे. अचानक गुदमरले तर ते बूच उघडावे आणि लगेच दवाखाना गाठावा. अशा माणसाने विहिरीत-नदीत पोहू नये.

4. दम वाढला, आवाज बदलला, कफात रक्त आले, कफ सुटेनासा झाला, तर उद्यावर टाकू नये. स्टेन्ट सरकला असेल किंवा बुजला असेल.

5. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा की श्वासनळीत स्टेन्ट आहे. भूल द्यायची झाल्यास हे माहीत असणे फार जरूर आहे. स्टेन्टचे कार्ड खिशात ठेवा.

6. तपासणीची तारीख चुकवू नका. पेरणी चालू असली तरी.

मुळावर घाव

शेवटी माझ्या खात्याचे काम. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ती आठवण विझू देऊ नका. डब्यावरचा त्रिकोण पाहा, लाल सर्वांत विषारी. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नका. पीक डोक्यापर्यंत वाढले असेल, वारा पडला असेल, ऊन तापले असेल, तर फवारणी थांबवा. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा वापरा. मजुरालाही तेच द्या, तोही कोणाच्या घरचा आहे. मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणे यांपैकी काही जाणवले तर अंगावरचे कपडे काढून, साबणाने अंग धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

आणि कोणी यंत्रावरून वाचून घरी आला, तर त्याच्या सुटीच्या कागदावर 'नळी किती दिवस होती' हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या कागदाची प्रत शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवा. पुढचे तीन-चार महिने घरच्यांनी त्याच्या श्वासाकडे कान द्यावा, विशेषतः रात्री.

आमचा शेतकरी आता पहाटे वावरात जातो. जड काम भाऊ करतो, हा पाण्याची पाळी सांभाळतो. वाफेचे यंत्र बायको रोज धुऊन ठेवते. मागच्या शेतीशाळेत ती पुढे येऊन बसली होती. मी बायांना म्हणालो, "यांनी आवाज ओळखला, साहेबाला ओळखता आला नाही." सगळ्या हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, "साहेब, हे लिहून काढा जी, दुसऱ्या गावातल्या बाईले कळलं पायजे."

म्हणून लिहिले.